रद्दीच्या काट्यावर दप्तर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. रद्दीवाला आला होता. मी गॅलरीतून पेपरांचे गठ्ठे आणून दारात ठेवत होते आणि तो एकेक गठ्ठा हुकाच्या काट्याला लटकवून आकडे सांगत होता. महिन्याभराचे पेपर सात किलो भरले. त्यांच्या शेजारीच लेकीचं दप्तर पडलं होतं. शनिवारी शाळेतून आल्यावर तिनं जिथं टाकलं तिथंच, बूट काढायच्या जागी. रद्दीवाल्यानं सवयीनं तेही उचललं आणि काट्याला अडकवलं.

"ताई, हे पण द्यायचंय का?"

"अहो भाऊ, नको, ते दप्तर आहे!" मी ओरडले. तोवर काटा स्थिर झाला होता.

"आठ किलो तीनशे," तो म्हणाला. मग दप्तर खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "एवढं रोज नेते पोरगी?"

तेव्हा मी हसले. घरातल्या सगळ्यांना तो किस्सा सांगून हसवलंसुद्धा. महिन्याभराची रद्दी सात किलो आणि आमच्या बाईसाहेबांचं एका दिवसाचं दप्तर आठ किलो तीनशे! पण दुपारी भांडी आवरताना ते हसू हळूहळू उतरलं. कारण गेले तीन महिने ती "आई, मान दुखते गं" म्हणत होती, आणि तीन महिने माझं एकच उत्तर होतं, "तो मोबाईल ठेव आधी."

लेक आठवीत आहे. वजन ४१ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा ती पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाते. माझं वजन ६२ किलो. त्या हिशेबानं मला साडेबारा किलोची पिशवी घेऊन रोज ऑफिसचे तीन जिने चढावे लागतील. मी एक दिवसही करणार नाही. भाजीच्या दोन पिशव्या झाल्या तरी मी रिक्षा करते.

दप्तराचं ओझं हा विषय काही नवा नाही. आर. के. नारायण राज्यसभेवर नियुक्त सदस्य होते तेव्हा, १९८९ मध्ये, त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल कळकळीनं सांगितलं होतं. त्यानंतर प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा 'लर्निंग विदाउट बर्डन' हा अहवाल १९९३ मध्ये आला. आपल्या राज्य सरकारनं जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय काढला की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. मुंबई उच्च न्यायालयातही त्यावर सुनावण्या झाल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली आणि मोठ्यांना सांगितलं की दप्तर फार जड होतंय, काहीतरी करा. २०२० मध्ये केंद्राचं दप्तर धोरणही आलं. त्यात इयत्तेप्रमाणे आकडे दिलेत. आठवीसाठी अडीच ते चार किलो, दहावीपर्यंत जास्तीत जास्त साडेचार. मधे २०२३ मध्ये आपल्याकडे एक वेगळा प्रयोग झाला. पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि पुस्तकातच कोरी पानं घातली, म्हणजे वेगळ्या वह्या न्यायला नकोत. पण मुलं कोऱ्या पानांची पुस्तकंही नेऊ लागली आणि वह्याही. जानेवारी २०२५ मध्ये ती कोरी पानं बंद करायचा निर्णय झाला.

म्हणजे बघा, पस्तीस वर्षांहून जास्त काळ आपण हे बोलतोय. आकडे आहेत, नियम आहेत, अहवाल आहेत. आणि माझ्या दारात आठ किलो तीनशे. हे जुळेना, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून दप्तर जमिनीवर ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली.

रिकामं दप्तर ९०० ग्रॅम. पाठ्यपुस्तकं एक किलो ९००. मोठ्या दोनशे पानी वह्या, सगळ्या विषयांच्या, दोन किलो ३००. क्लासचं जाडजूड पुस्तक आणि वही एक किलो शंभर. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली एक किलो दीडशे. दोन स्टीलचे डबे साडेसहाशे. कंपास आणि पेनांचा पाऊच तीनशे. वर तळाशी सापडलेल्या तीन जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक वाळलेली चिक्कूची बी. ते मोजलं नाही.

"रोज सगळ्या विषयांचं का नेतेस? वेळापत्रक नाहीये का?" मी विचारलं.

"आहे ना. पण ऑफ तासाला कोणीही येतं. विज्ञानाच्या बाई आल्या आणि वही नसली की उभं करतात. म्हणून सगळंच नेते."

"आणि क्लासचं?"

"तूच म्हणालीस ना, उगाच घरी येण्यात वेळ घालवू नकोस, शाळेतून परस्पर क्लासला जा."

खरंच, मीच म्हणाले होते. लिटरची बाटलीही मीच घेतली होती, कारण शाळेचं पाणी कसं असेल कोण जाणे. आठवड्यातून तीनच दिवस शाळा उशिरा सुटते, पण दुसरा डबाही रोज मीच भरते. दोनशे पानी वह्या मीच आणल्या होत्या, कारण शंभर पानी वही दिवाळीपर्यंत संपते आणि मग ऐन वेळी दुकानात धावावं लागतं. मी जमिनीवरचा तो पसारा बघत बसले. त्यातली निम्मी वस्तू 'असू दे, लागली तर' या कारणानं तिथं आली होती. थोडी तिची भीती, थोडी माझी. शिक्षा होईल ही भीती, तहान लागेल ही भीती, मागे पडेल ही भीती. वह्या-पुस्तकांचं वजन नियमात बसवता येतं हो. पण या भीतीचं काय करायचं, ते कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. खरं तर मी मनातून तयारच होते की त्या दप्तराला शिव्या घालतील आणि मी माझी चूक कबूल करून मोकळी होईन. तसं झालं नाही. त्यांनी आधी लेकीला दप्तर घालून चालायला सांगितलं. पट्टे इतके सैल की दप्तर कमरेखाली लोंबत होतं. 'तसंच छान दिसतं, सगळे तसंच घालतात,' हे कारण. ते मागं ओढतं म्हणून ती पुढं वाकत होती, आणि समोर बघायचं म्हणून हनुवटी पुढं काढत होती. मानेचे आणि खांद्याचे स्नायू दिवसभर तो तोल सांभाळत राहतात, संध्याकाळी ते दुखणारच. मग बाईंनी विचारलं, दिवसात किती तास बसतेस? शाळेत सहा, क्लासला दोन, घरी अभ्यास दोन-तीन, मोबाईल... तिथं लेक माझ्याकडे बघून गप्प बसली. खेळतेस किती? "पीटीचा तास गणिताला देतात." झोप? साडेसहा तास.

बाई म्हणाल्या ते मला महत्त्वाचं वाटलं. दप्तर हलकं करा, पण सगळा दोष दप्तरावर टाकून मोकळ्या होऊ नका. मग मीही थोडं वाचलं. जगभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात दप्तराच्या वजनामुळेच मुलांना पाठदुखी होते, असा खात्रीलायक पुरावा सापडला नाही. मणका एका बाजूला वळण्याचा जो आजार ऐन वाढीच्या वयात दिसतो, तोसुद्धा दप्तरामुळे होत नाही. हे वाचून मी चक्रावलेच. मग इतकी वर्षं आपण कशासाठी ओरडतोय?

पण जरा विचार केल्यावर वाटलं, यात विरोध नाही. रोजचं जड दप्तर मणका मोडत नसेल, पण त्यानं पोर थकते, खांद्यावर वळ उठतात, जिना चढताना धाप लागते. दहा टक्क्यांचा आकडा काही जादूची रेषा नाही, ९.९ टक्क्यांना सुरक्षित आणि १०.१ ला धोका असं होत नाही. तो एक शहाणपणाचा अंदाज आहे. आणि दुखणं येतं ते बहुतेक वेळा चार-पाच गोष्टी एकत्र आल्यानं. दहा तास बसून राहिलेली, न खेळलेली, अर्धवट झोपलेली आणि परीक्षेच्या ताणात असलेली पाठ. त्या पाठीवर आठ किलो! माझं 'मोबाईल ठेव' हे उत्तर अगदी खोटं नव्हतं, पण ते उत्तर देऊन मी ऐकणं बंद केलं होतं. चूक तिथं झाली. मुलं 'दुखतंय' म्हणतात तेव्हा आपण आधी कारण शोधतो की त्यात त्यांचा दोष किती. दुखतंय कुठं आणि कधीपासून, हे मागाहून विचारतो, किंवा विचारतच नाही. आणि या वयात वारंवार दुखणारी पाठ मोठेपणीही बऱ्याच जणांची पाठ सोडत नाही, म्हणून ते विचारणं महत्त्वाचं.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत. ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवते. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, रुंद आणि गादी असलेले. एका खांद्यावर लटकवणं बंद. पट्टे इतके आवळायचे की दप्तर पाठीला चिकटून राहील आणि त्याचा तळ कमरेच्या फार खाली जाणार नाही. सगळ्यात जड पुस्तक पाठीला लागून, हलकं सामान बाहेरच्या कप्प्यात. उचलताना कमरेत वाकून झटका द्यायचा नाही, गुडघे वाकवायचे आणि जमलं तर आधी बाकावर ठेवून मग पाठीवर घ्यायचं. रिक्षाची वाट बघताना, प्रार्थनेला उभं असताना दप्तर खाली. चाकाचं दप्तर सपाट जमिनीवर बरं, पण जिने असतील तर ते हातानं ओढत न्यावं लागतं, त्यात पडायची भीती. अभ्यासाला बसलं की अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं, पाणी प्यायला म्हणून का होईना. पुस्तक मांडीत न ठेवता टेबलावर थोडं उभं. मोबाईल बघायचाच तर तो डोळ्यांसमोर धरायचा, मान मोबाईलकडे न्यायची नाही. आणि रोज तासभर घाम येईल असं काहीतरी. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते. पोहणं, दोरीच्या उड्या, कबड्डी, सूर्यनमस्कार, काहीही. पाठ सांभाळायची तर ती वापरावी लागते. नुसतं जपून ठेवलेलं अंग कमजोरच होतं.

आणि काही लक्षणं दिसली तर घरचे उपाय करत बसू नका, असंही त्यांनी बजावलं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, अंगात ताकद कमी वाटणं, सोबत ताप किंवा वजन उतरणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसणं, किंवा काही आठवडे न थांबणारं दुखणं. मग सरळ डॉक्टर.

हे झालं घरचं. पण 'वही नसली की उभं करतात' याचं काय? शाळेत जायचं ठरवलं. पालक म्हणून शाळेत भांडायला जाताना अंगात एक वेगळाच जोर येतो, तो घेऊनच मी वर्गशिक्षिका बाईंपुढं बसले. रद्दीच्या काट्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं सांगू का? मागच्या सहामाहीनंतर चार पालक माझ्यासमोर बसले होते. वह्या पूर्ण का नाहीत, शेजारच्या तुकडीचे दोन धडे पुढं कसे गेले, ऑफ तास वाया का घालवता. त्यात तुमच्या सोसायटीतलेही होते. मग आम्ही ऑफ तासालाही शिकवतो. वही तपासायची तारीख कधीही लागू शकते, म्हणून मुलं सगळ्या वह्या आणतात."

माझा जोर तिथंच ओसरला. चार पालकांत मी नव्हते, पण सहामाहीच्या वह्या चाळताना कोरी पानं बघून मीही घरी कुरकुर केलीच होती. मला मुलीची भीती कळली होती, माझीही कळली होती. बाईंनाही कुणाची तरी भीती आहे, हे त्या दिवशी कळलं. त्या आम्हाला घाबरतात, आम्ही परीक्षेला घाबरतो, मुलं दोघांना घाबरतात. आणि या सगळ्याची बेरीज पोरांच्या पाठीवर. दप्तराचं वजन शाळा कमी करत नाही म्हणून आपण शाळेला बोलतो, शाळा पालकांकडे बोट दाखवते. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर ते वजन पस्तीस वर्षं हलत नाही.

आमच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्यांच्या वर्गापुरतं ठरवलं की ऑफ तासाला अवांतर वाचन, वह्या लागणार नाहीत. वह्या तपासायचा वार विषयवार फळ्यावर लिहायचा. एका बाकावरच्या दोघींनी पुस्तकं वाटून आणली तरी चालेल. बस, इतकंच. एक पैसा खर्च नाही, लॉकर नाही, टॅब नाही. सगळ्या शाळेत हे झालेलं नाही, शेजारच्या तुकडीत अजून जुनंच चालू आहे. पण यानंतर पालकसभेत 'ऑफ तास वाया जातो' असं कुणी म्हणालं तर उठून बोलायचं, हे मी बाईंना कबूल करून आले. ते माझं काम.

घरी मी माझ्या भीतीचं सामान काढलं. लिटरच्या बाटलीऐवजी अर्ध्या लिटरची, शाळेतल्या फिल्टरचं पाणी मी स्वतः पिऊन आले. क्लासला जाताना वाटेत घर लागतंच, दहा मिनिटं जातात तर जाऊ देत. त्या दहा मिनिटांत ती काहीतरी खाते, आणि आम्ही दोघी दोन वाक्यं बोलतो, हा वरचा फायदा. जड वह्यांऐवजी शंभर पानी. दिवाळीला दुकानात धावू.

परवाच्या रविवारी पुन्हा मोजलं. चार किलो चारशे. नियमानं अजून तीनशे ग्रॅम जास्तच आहे, पण जवळजवळ निम्मं झालं. मान दुखायची थांबली का? पूर्ण नाही. आता आठवड्यातून एखाद्या वेळी म्हणते. संध्याकाळी खाली बॅडमिंटन खेळायला जाते, रात्री मोबाईलवरून अजूनही वाद होतात. यातल्या कशाचा गुण आला ते मला सांगता येणार नाही, आणि त्यानं फारसं बिघडतही नाही.

यशपाल समितीनं एक गोष्ट फार नेमकी सांगितली होती. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजताच शिकत राहण्याचं ओझं जास्त घातक आहे. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की आपल्या पोरांच्या दप्तरात या दोन्हींखेरीज तिसरंही एक ओझं असतं, आणि ते बहुतेक आपण भरलेलं असतं. ते तेवढं आपल्याला काढता येतं, त्यासाठी सरकारची वाट बघायला नको.

तुमच्या घरी काटा नसेल तर रद्दीवाल्याला विचारा. एखाद्या रविवारी मुलासमोर दप्तर तोलून बघा, आणि आकडा कळला की एकदम उपदेश करू नका. आधी एवढंच विचारा, 'हे सगळं का नेतोस रे?' आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. मला ते ऐकायला तीन महिने लागले.